आमची वाई 36 हजारांची नाही

प्रति,
वाई शहराचं पाणी, रस्ते, नदी आणि पर्यटन यांचे निर्णय ज्यांच्या सहीने होतात, त्या सर्व अधिकाऱ्यांना आणि लोकप्रतिनिधींना

सविनय नमस्कार.

मी वाईच्या शाळेत 31 वर्षं भूगोल शिकवला. नव्या वर्गाला आपल्या गावाची ओळख करून देताना दरवर्षी फळ्यावर चार ओळी लिहायचे. नदी कृष्णा. जिल्हा सातारा. समुद्रसपाटीपासून उंची सातशे मीटरच्या थोडी वर. लोकसंख्या सुमारे 36 हजार. हा शेवटचा आकडा 2011 च्या जनगणनेचा. तो मी 2013 साली लिहिला, 2017 साली लिहिला आणि निवृत्त झाले त्या वर्षीही तोच लिहिला. त्या शेवटच्या वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, “बाई, मग रविवारी गाड्यांमधून येतात ती माणसं यात आहेत का?”

नाहीत, असं मी तिला सांगितलं. “मग ती कुठे लिहिलीत?” हा तिचा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आजही नाही. ज्यांच्याकडे असायला हवं त्या तुम्हाला म्हणून हे पत्र लिहिते आहे, आणि गावातल्या सगळ्यांनी वाचावं म्हणून उघड लिहिते आहे.

2021 ची जनगणना झाली नाही. पुढची 1 मार्च 2027 या संदर्भ दिनांकाने होणार आहे. तिचे आकडे हाती येईपर्यंत वाईच्या नावाने जो कागद निघेल त्याच्या वरच्या कोपऱ्यात हेच 36 हजार बसणार. पाण्याची टाकी किती मोठी, कचऱ्याच्या गाड्या किती, स्वच्छतागृहं किती, निधी किती, हे सगळं माणशी ठरतं. आणि नवा आकडा आला तरी त्या मुलीचा प्रश्न तसाच राहील. ज्याचं नेहमीचं राहणं जिथे, त्याची नोंद तिथे, अशी जनगणनेची रीत आहे. सकाळी येऊन संध्याकाळी गेलेला माणूस वाईच्या रकान्यात कधीच येणार नाही. शहराला चिकटून वाढलेल्या, पण हद्दीबाहेर असलेल्या वस्त्यांतली माणसं दिवसभर वाईतच वावरतात. तीही शहराच्या आकड्यात नाहीत.

आता वाईचा भूगोल सांगते. तुम्हाला तो नकाशावर ठाऊक असेल, आम्हाला तो रोज पायाखाली लागतो.

उत्तरेला पांडवगड, दक्षिणेला पाचगणीचं पठार, पश्चिमेला धोमच्या पलीकडे जोरच्या खोऱ्यापर्यंत गेलेल्या डोंगररांगा, आणि मध्ये कृष्णेचं खोरं. त्या खोऱ्यात नदीच्या काठाने वाई पसरली आहे. कृष्णा क्षेत्र महाबळेश्वरला उगम पावते, बलकवडी आणि धोम ही दोन धरणं ओलांडते, आणि मग तिला जे पहिलं शहर लागतं ते आमचं. उगमापासून आंध्रच्या किनाऱ्यापर्यंत ती सुमारे 1,400 किलोमीटर जाते. त्या सगळ्या वाटेवर तिच्यात शहराचं सांडपाणी पहिल्यांदा मिसळू शकतं ते आमच्या इथे. शिकवताना हे वाक्य मी मुलांना दोनदा म्हणायला लावायचे.

आणि रस्ता. पुण्याहून साताऱ्याकडे येताना सुरूर फाट्याला महामार्ग सोडायचा, दहा-बारा किलोमीटरवर वाई, कृष्णा ओलांडायची, की लगेच पसरणीचा घाट चढायला लागतो आणि तासाभराच्या आत माणूस पाचगणीच्या थंड हवेत. पुण्या-मुंबईकडून पाचगणी-महाबळेश्वरला जाणाऱ्यांची मुख्य वाट ही. मांढरदेवीला काळूबाईच्या दर्शनाला जाणाऱ्यांचीही एक मोठी वाट वाईतूनच. मेणवली, धोम, बावधन, सगळ्यांना वाई लागते. तालुक्याचा बाजार, कचेरी, किसन वीर महाविद्यालय, दवाखाने, एसटी स्टँड, सगळं इथेच. नरसाळ्याचं तोंड मोठं आणि नळी बारीक असते. त्या नळीच्या जागी आम्ही राहतो.

नळी तुंबते तेव्हा काय होतं, ते माझ्या घरचं सांगते. काही वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका शनिवारी माझ्या सासूबाईंच्या छातीत कळ आली. रामडोह आळीतून दवाखाना एरवी दहा मिनिटांवर. त्या दिवशी आम्हाला पन्नास मिनिटं लागली. रिक्षावाल्याने शेवटी आळीतल्या दोन पोरांना पुढे पळत पाठवलं, ती गाड्यांच्या काचा वाजवून वाट मागत होती. लोकांनी दिलीही. काचा खाली करून “काकू, जा, जा” म्हणाले. वाईट माणसं नव्हती ती, सुट्टीला निघालेली कुटुंबं होती. सासूबाई वाचल्या. पण डॉक्टरांनी “उशीर का केलात?” असं विचारलं, तेव्हा मला माझ्याच गावाची लाज वाटली. ती भावना अजून गेलेली नाही.

म्हणून माझी पहिली तक्रार कोंडीची नाही, मोजणीची आहे. शनिवारी-रविवारी, मे महिन्यात, नाताळच्या आठवड्यात, काळूबाईच्या यात्रेत आमच्या गावातून किती माणसं जातात आणि त्यातली किती इथे थांबतात, याचा एकही आकडा आम्हाला सहज पाहता येईल असा कुठे लावलेला नाही. मी आणि माझे तीन जुने विद्यार्थी एकदा वही घेऊन रस्त्याच्या कडेला बसलो. तासाभराने वही मिटली, कारण दोन्ही बाजूंच्या गाड्या चौघांना मोजवेनात. हे काम आमच्यासारख्यांचं नाही. यंत्रं आहेत, माणसं आहेत, ती तुमच्याकडे आहेत.

गर्दी मोजणं किती गरजेचं आहे, हे आमच्या तालुक्याला तरी कुणी सांगावं लागू नये. 25 जानेवारी 2005 रोजी मांढरदेवीच्या डोंगरावर चेंगराचेंगरीत जवळपास तीनशे माणसं गेली. त्या रात्री वाईत कुणी झोपलं नव्हतं.

दुसरी तक्रार नदीची. इथे थोडा हिशेब मांडते, तो मी मुलांकडूनही करून घ्यायचे. भुयारी गटार असलेल्या शहरासाठी माणशी दिवसाला 135 लिटर पाणी धरावं, असं मानक आहे. 36 हजार गुणिले 135 म्हणजे 48 लाख 60 हजार लिटर. वापरलेल्या पाण्यातलं साधारण 80 टक्के सांडपाणी होतं, असं धरतात. म्हणजे रोजचे जवळपास 39 लाख लिटर. हा झाला फक्त 2011 च्या वाईचा हिशेब. फिरत्या लोकसंख्येसाठी वेगळं पाणी धरायची सोय मानकात आहे, पण त्यासाठी आधी ती लोकसंख्या कुणीतरी मोजलेली असावी लागते. समजा एखाद्या रविवारी दहा हजारच माणसं थांबली आणि माणशी 15 लिटरच धरले, तरी दीड लाख लिटर वाढले. ते जातात कुठे? गंगापुरीपासून भीमकुंडापर्यंत घाटाघाटाने चालत या, म्हणजे दिसेल. ओढ्यांची तोंडं दिसतील, पायऱ्यांवरचं बुळबुळीत शेवाळ दिसेल, उन्हाळ्यात पाणी हललं नाही की जलपर्णी दिसेल. 2018 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली. त्या 351 पट्ट्यांपैकी 53 एकट्या महाराष्ट्रातले, आणि त्यात आमच्या कृष्णेचाही पट्टा आहे.

माझी आई घाटावर कपडे धुवायची आणि घरी येताना पिण्याची कळशी त्याच नदीतून, थोडं वरच्या अंगाने भरून आणायची. मी स्वतः रामडोहात पोहायला शिकले. माझ्या नातीला मी पायरीवर बसू देते, पाण्यात पाय घालू देत नाही. एवढ्याच तीन पिढ्या झाल्या आहेत हो.

ढोल्या गणपतीचं देऊळ तुम्ही सगळ्यांनी पाहिलं असेल. पाहुणे आले की तुम्ही त्यांना तिथेच नेता. पुढच्या वेळी देवाला नमस्कार झाला की त्यांना देवळाच्या मागे न्या. गणपतराव भिकाजी रास्त्यांनी 1762 मध्ये हे देऊळ बांधलं, तेव्हा मागची भिंत माशाच्या आकाराची केली. पावसाळ्यात नदी वरून धावत आली की त्या टोकाशी पाणी दुभंगतं, दोन्ही अंगांनी निघून जातं आणि गाभाऱ्यावर थेट मारा होत नाही. पाणी आजही चढतं. धरणातून विसर्ग वाढला की देवळात शिरतंही. पण अडीचशेहून अधिक वर्षं देऊळ उभं आहे, कारण बांधणाऱ्याने आधी विचारलं होतं की इथे भार कुठून येणार आणि किती येणार. मी तुमच्याकडे एवढंच मागते आहे. आज भार रस्त्यावरून येतो. तो किती, ते विचारा, आणि मग बांधा.

आकर्षणं म्हणून वाईची जी यादी छापली जाते, तिच्याबद्दलही माझी तक्रार आहे. ढोल्या गणपती, काशीविश्वेश्वर, मेणवलीचा वाडा, धोम धरण, आणि यादी संपते. लोक एक-दोन तास थांबतात, फोटो काढतात आणि घाट चढतात. त्यांना दुसरं काही सांगितलेलंच नसतं.

गंगापुरीत मराठी विश्वकोशाचं कार्यालय आहे. ज्ञानाचा एवढा मोठा कोश कुठल्या राजधानीत न घडता आमच्या गावात घडला, हे किती जणांना माहीत आहे? तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथे बसून हे काम बघत. पहिला खंड 1976 साली आला आणि मुख्य कोशाचे 20 खंड झाले. त्याच्याही आधीची प्राज्ञपाठशाळा आहे. केवलानंद सरस्वतींनी, म्हणजे नारायणशास्त्री मराठ्यांनी, ती उभी केली. विनोबा तिथे येऊन शिकून गेले. धर्मकोशाचं, म्हणजे धर्मशास्त्रावरच्या संस्कृत वचनांच्या संग्रहाचं, काम तिथलंच. रस्त्यावरून जाणाऱ्याला यातलं काही कळेल असा एक नीट फलक दाखवा. मी लहान असताना तर्कतीर्थांना रस्त्याने जाताना पाहिलं आहे. आळीतली मोठी माणसं बाजूला होऊन नमस्कार करायची. आता पुण्याहून आलेला एखादा मुलगा मला विचारतो, “काकू, इथे बघण्यासारखं अजून काय आहे?” आणि माझा जीव तुटतो.

मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्याशेजारी जो घाट आहे, तिथे चिमाजी अप्पांच्या 1739 च्या वसई मोहिमेतून आलेली घंटा टांगलेली आहे. चित्रीकरणं तिथे होतात, वाईच्या घाटांवरही होतात. व्हावीत. गावातल्या पोरांना चार दिवस काम मिळतं, वडापाववाल्याचा धंदा होतो. पण शहराच्या घाटांवर चित्रीकरणासाठी किती भाडं घेतलं जातं आणि त्यातलं घाटांच्या दुरुस्तीवर किती खर्च होतं, हे आम्हाला कळलं पाहिजे. निखळलेल्या पायऱ्या सिमेंट थापून बुजवल्या, तर तो जीर्णोद्धार होत नाही. काळ्या दगडाच्या घाटाला काळाच दगड लागतो आणि तो बसवणारा पाथरवट लागतो.

आणि कृष्णाबाईचा उत्सव. भीमकुंड आळी, मधली आळी, धर्मपुरी, गणपती आळी, ब्राह्मणशाही, रामडोह, गंगापुरी. थंडीच्या दिवसांत सुरू झालेला उत्सव एकेका आळीत मुक्काम करत फाल्गुनाकडे सरकतो. अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी नवस बोलला गेला आणि तेव्हापासून हा उत्सव सुरू झाला, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. शहराचा सगळ्यात जुना, सगळ्यात जिवंत सोहळा हा आहे. नदीला देवी मानून, तिला घाटावर बसवून तिची ओटी भरायची, आणि चार पावलांवर ओढ्यातून घाण पाणी उतरताना दिसलं की नाकाला पदर लावायचा, हे आता आम्हा बायकांना सहन होत नाही. ओटी भरताना मी दरवर्षी मनातल्या मनात कृष्णाबाईची क्षमा मागते.

पैशांबद्दल थोडं. पाचगणीत आणि महाबळेश्वरला शिरताना पर्यटकांकडून कर घेतात. दांडेघरच्या नाक्यावर गाडी थांबते, पावती फाटते. वाईत पावती फाडावी असं मी म्हणणार नाही. पाहुण्याला दारात अडवून पैसे मागणं मला पटत नाही, आणि आणखी एका नाक्याने कोंडी वाढेलच. पण हाच प्रवासी वर जाताना आणि खाली येताना आमच्या गावातून जातो, त्याच्या गाडीचा धूर, कचरा आणि खोळंबा आमच्या वाट्याला येतो. तेव्हा पर्यटनासाठी जिल्ह्याला जे पैसे मिळतात त्यात वाईचा हिस्सा या भारावर ठरायला हवा. तसा तो ठरवायचा, तर पुन्हा त्या मोजणीपाशीच यावं लागतं.

स्वच्छतागृहांचं वेगळं सांगत नाही. दोन लहान मुलं घेऊन मुंबईहून निघालेली बाई वाईत उतरली की आधी काय शोधते, हे समजायला आराखडा लागत नाही. माझ्या घराचं दार आजवर कितीदा वाजलं आहे, याची गणती नाही. मी दार उघडते. कुणालाही नाही म्हणवत नाही.

आमच्या मागण्या अशा आहेत:

1. येत्या वर्षभरात, वेगवेगळ्या हंगामांतले निदान चार आठवडे धरून, वाईत येणारी वाहनं आणि थांबणारी माणसं मोजा. त्यात एक आठवडा मे महिन्यातला आणि एक काळूबाईच्या यात्रेचा असलाच पाहिजे. आकडे जाहीर करा.

2. यापुढे शहरासाठी पाणी, सांडपाणी, कचरा, वाहनतळ यांची जी योजना होईल, तिच्यात राहती लोकसंख्या आणि फिरती लोकसंख्या हे दोन वेगळे रकाने असू द्या.

3. रोज किती लिटर सांडपाणी शुद्ध होतं आणि किती तसंच नदीत उतरतं, हे दर महिन्याला गणपती घाटावरच्या फलकावर मराठीत लिहा. पाण्याच्या तपासणीचे निष्कर्षही तिथेच.

4. सुट्टीच्या दिवसांत दवाखान्याकडे जाणारा एक रस्ता कायम मोकळा राहील असा बंदोबस्त ठेवा. कुठला रस्ता, हे आळीतल्या लोकांना विचारून ठरवा.

5. सातही घाटांची पाहणी दगडी बांधकाम जाणणाऱ्यांकडून करून घ्या, आणि दुरुस्ती दगडातच करा. चित्रीकरणाच्या भाड्याचा हिशेब त्याच्याशी जोडून दाखवा.

6. प्राज्ञपाठशाळा, विश्वकोश, सात आळ्या आणि त्यांचे घाट यांची चालत बघता येईल अशी वाट आखा, फलक लावा. आलेला माणूस दिवसभर इथे रमला, तर गावातल्या खाणावळवाल्याला आणि हळद विकणाऱ्या बाईलाही दोन पैसे मिळतील. हे फलक लिहायचं काम आम्ही निवृत्त शिक्षक विनामोबदला करू. मजकूर तयार आहे.

7. स्टँड, घाट आणि वाहनतळ या तिन्ही ठिकाणी स्त्रियांसाठी पाणी असलेली, दार लागणारी स्वच्छतागृहं द्या.

यातली पहिली मागणी मान्य झाली नाही, तर बाकीच्या सहा पुन्हा अंदाजावरच चालतील, म्हणून तिचं उत्तर आधी द्या. मोजणीला माणसं कमी पडत असतील, तर माझे जुने विद्यार्थी येतील. त्यातले काही आता इंजिनियर आहेत, एक जण एसटीत वाहक आहे, दोघी अंगणवाडीत आहेत. त्यांच्याशी माझं बोलणं झालं आहे आणि ते तयार आहेत.

उत्तर लेखी द्यावं, ही विनंती. ते मी त्या मुलीला पाठवीन. ती आता पुण्यात शिकते आणि सुट्टीला येते, तेव्हा तीही त्याच गाड्यांच्या रांगेतून येते.

कळावे.

आपली नम्र,
रामडोह आळीतली एक निवृत्त भूगोल शिक्षिका
वाई, जि. सातारा